समान संधीचे उदाहरण

भिवंडीजवळील वळ गावच्या हद्दीत आमच्या कंपनीचे जे गोदाम आहे, त्यात पादत्राणांचे खोके येतात आणि पादत्राणांचेच खोके बाहेर जातात. या येण्याजाण्याच्या नोंदी ठेवण्याचे कार्य माझ्याकडे आहे. माझे शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर थांबले व पुढील अकरा वर्षे मी कामतघरला कापडाच्या लूमवर काढली. तथापि वाचनाचा नाद सुटला नाही आणि अक्षर वळणदार राहिले, म्हणून गोदामातील मंडळी मला क्लार्क समजतात आणि श्रीनाथभाऊ अशी हाक मारतात.

मागील दिवाळीच्या सुमारास मुख्य कार्यालयाकडून 'कर्मचारी नियमपुस्तिका' या नावाचे एक निळे पुस्तक आले. पाने बहात्तर. आमचे मॅनेजर अनय सर यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले.

"श्रीनाथ, सगळ्यांना वाचून दाखव आणि सह्या घे. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे."

"संपूर्ण, सर?"

"सह्या संपूर्ण. वाचन होईल तेवढं कर."

त्या रात्री मी पुस्तक घरी नेले व दोन वेळा वाचले. तिसरे कलम वाचताना मी उठून उभा राहिलो. त्यात लिहिले होते की, नोकरी देताना अथवा बढती देताना कंपनी जात, धर्म, लिंग, भाषा, प्रांत, वय किंवा शारीरिक व्यंग यांपैकी कोणत्याही कारणावरून भेद करणार नाही. प्रत्येकास समान संधी राहील. खोक्यांच्या व्यवहारात असलेल्या कंपनीने इतके उदात्त वाक्य लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

मात्र त्याच क्षणी एक गोष्ट आठवून मनाला टोचणीही लागली. ती येथे प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे.

तीन आठवड्यांपूर्वी डोंगराकडील पाड्यावरून मंगळ्या व त्याची पत्नी सखी असे दोघे गोदामाच्या गेटवर आले होते. आजवर दर हंगामात ते वीटभट्टीवर जात असत. परंतु त्यांची मुलगी स्नेहा आता तीन वर्षांची झाली होती आणि तिला भट्टीच्या धुरात वाढवायचे नाही, असे सखीने ठरवले होते. आमच्या स्कॅन विभागात तेव्हा दोन जागा रिकाम्या होत्या. तेथे हातातील यंत्राने खोक्यावरील क्रमांक वाचून यादीशी जुळवायचा असतो. सखी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मंगळ्याला आकडे ओळखता येतात, अक्षरे येत नाहीत. असे असूनही मी मंगळ्याचे नाव लिहून घेतले आणि सखीला म्हणालो, "बाई, स्कॅनला आम्ही बायका घेत नाही. बायका लेबलच्या बाकावर बसतात आणि तिथे सध्या जागा नाही."

"का न्हाय घेत?"

"पद्धत आहे."

"कोनाची?"

मी रस्त्याकडे बोट दाखवले आणि ती मुलीला कडेवर घेऊन निघून गेली. दुसरी जागा दोन दिवसांनी एका इसमाने भरली.

मंगळ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवली. हजेरीचे यंत्र अंगठा बघते. वर्षानुवर्षे माती कालवून त्याच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र त्याला माणूस मानायला तयार होईना. शेवटी मी त्याच्या नावाचे पुठ्ठ्याचे कार्ड करून दिले. सकाळी ते दाखवायचे आणि वॉचमन विठूने त्यावर शिक्का मारायचा, अशी व्यवस्था केली. कार्डावर फोटो लावायचा होता, तो राहून गेला.

आता वाचनाच्या दिवसाकडे वळतो. शिफ्ट सुरू होण्यापूर्वी सर्व मंडळी लेबलच्या बाकापाशी जमली. मी एका पालथ्या क्रेटवर उभा राहिलो. पहिली दोन कलमे ऐकताना लोक जांभया देत होते. तिसरे कलम मी सावकाश आणि उंच स्वरात वाचले. लेबलच्या बाकावर सर्वांत ज्येष्ठ असलेल्या बायजाबाईंनी हात वर केला.

"परत वाच रे श्रीनाथ. वय म्हणालास का मधे?"

"होय, बायजाबाई. वयावरूनही भेद नाही."

"ऐकलंत ना गं पोरींनो? उद्यापासून मला म्हातारी म्हणाल तर पुस्तकात लिहिलंय!"

हशा ओसरल्यावर पुढे बसलेल्या मंगळ्याने विचारले, "भाऊ, म्हंजी कसं? नीट सांगा की."

शिकवणाऱ्याने उदाहरण द्यावे, हे मला वडिलांकडून ठाऊक होते. ते प्राथमिक शिक्षक होते. मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "मंगळ्या, असे समज, एकीकडे तू आहेस आणि एकीकडे तुझी बायको सखी आहे. कंपनीच्या दृष्टीने तुम्ही दोघे सारखेच. तू काय किंवा ती काय, कंपनीला काही फरक नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगळ्या बराच वेळ मान हलवत राहिला. सखीला मी ज्या तोंडाने परत पाठवले होते, त्याच तोंडाने हे बोलताना मला थोडी लाज वाटली, पण टाळ्यांमध्ये ती विरून गेली. तेवढ्यात कंटेनर आला. वाचन अकराव्या पानावर थांबले. सह्या मात्र बहात्तर पानांच्या झाल्या.

यानंतर तीन महिने काहीही विशेष घडले नाही, अशी माझी समजूत होती.

सव्वीस जानेवारीला ठाण्याहून रुचिरा मॅडम आल्या. कंपनीतील माणसांचा विभाग त्या सांभाळतात. कशेळीच्या पुलावर गाडी अडकल्याने त्या आल्या तेव्हा झेंडा फडकून तास झाला होता आणि जिलेबी संपली होती. त्या दिवशी उत्कृष्ट कामगाराचा सत्कार व्हायचा होता. मॅडमनी नाव पुकारले, "मंगळ्या!"

मंगळ्या पुढे आला. मॅडमनी प्रशस्तिपत्र आणि तीन खणांचा स्टीलचा डबा हातात घेतला व म्हणाल्या, "डिसेंबर महिन्यात बारा दिवस असे आहेत की यांच्या हातून एकही चूक झालेली नाही. भिवंडीतल्या आपल्या कुठल्याही गोदामात असं झालेलं नाही."

मंगळ्याने डबा घेतला नाही. "मॅडम, कुठलं बारा दिस?"

"कुठले म्हणजे?"

"म्हंजी आठवड्यातलं पयलं का मागचं?"

मॅडमनी टॅबवर पाहिले. "गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. दर आठवड्याला तेच. गंमतच आहे!"

मंगळ्याचा चेहरा उजळला. "मंग ते माझं न्हाय. सोम, मंगळ, बुध माझं. मागलं तीन सखीचं. डबा तिचाच हाय. आज ती घरला हाय, बोलवू का?"

मॅडम टॅबकडे आणि मंगळ्याकडे आळीपाळीने पाहू लागल्या. स्कॅन विभागाच्या टोळीचा प्रमुख किशन मात्र शांतपणे म्हणाला, "मी आणतो मोटारसायकलवर," आणि निघालासुद्धा.

अनय सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विठूला बोलावले. "गेटवर तू काय करतोस? कार्ड मंगळ्याचं आणि आत जाते बाई?"

"साहेब, कार्ड खरं होतं," विठू म्हणाला, "आणि बाईपण खरीच होती. कार्डाला शिक्का मारायचा, एवढंच मला सांगितलं होतं."

अर्ध्या तासाने किशन सखीला घेऊन आला. दोघांच्या मध्ये स्नेहा बसली होती. मग ऑफिसात बैठक भरली. मॅडम, अनय सर, मंगळ्या, सखी, किशन आणि मी. स्नेहा टेबलाखाली शिरून स्टेपलर पाहू लागली.

मॅडमनी निळे पुस्तक उघडले. "पान एकेचाळीस. आपल्या जागी दुसऱ्या व्यक्तीला कामावर पाठवणे हे गंभीर गैरवर्तन समजले जाईल आणि सेवा तात्काळ समाप्त केली जाईल." त्यांनी पुस्तक मिटले. "मला वाईट वाटतं, पण हे स्पष्ट आहे."

मंगळ्या गोंधळला. "आमी पाठवलं न्हाय, मॅडम. आमी वाटून घेतलंय."

"तू थांब, मी सांगते," सखी म्हणाली व पुढे आली. "मॅडम, भट्टीवर मानूस एकटा घेत न्हाईत, जोडी घेतात. वहीत नाव एकाचं, कामाला दोघं. एक माती कालवतो, एक साचा भरतो. एक आजारी पडला तर दुसरा वढतो. जोडीचं काम जोडीनं पुरं करायचं, येवढंच सेठला ठावं. हिकडं मला घेतली न्हाय, मी गप बसले. मंग तीन आठवड्यांनी ह्यो घरला येऊन बोलतो, श्रीनाथभाऊंनी पुस्तकातून वाचलं, कंपनीला तू काय नि मी काय, फरक न्हाय. मी बोलले, म्हंजी हितं बी जोडीच हाय! आपल्याला आधी कळलं न्हाय, येवढंच. तीन दिस तो पोरीला सांभाळतो, तीन दिस मी."

"आणि तुला हे माहीत होतं?" मॅडमनी किशनला विचारले.

"व्हय. आमी सगळेच भट्टीवरचे. काम थांबलं का? न्हाय ना."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "श्रीनाथ, तुम्ही असं वाचलंत? पुस्तकात असं वाक्य आहे?"

वाचकहो, त्या क्षणी माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पुस्तकात तसे वाक्य नाही, हे खरेच होते. तेवढे सांगून मी मोकळा झालो असतो. पाड्यावरच्या दोन माणसांनी चुकीचे समजून घेतले, एवढाच निष्कर्ष निघाला असता आणि माझी नोकरी जशीच्या तशी राहिली असती. त्यांची मात्र गेली असती. आणि भट्टीचा हंगाम अर्धा उलटल्यावर तेथेही त्यांना कोणी उभे केले नसते. टेबलाखालून स्टेपलरचा टक्क असा आवाज आला. मी खाली वाकून तो स्नेहाच्या हातून काढून घेतला आणि उठताना माझ्या मनाचा निश्चय झाला होता.

"वाक्य पुस्तकातले नाही, मॅडम. माझे आहे. कलमाचे उदाहरण म्हणून मीच ते दिले. आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पान एकेचाळीस या मंडळींनी ऐकलेलेच नाही. वाचन अकराव्या पानावर थांबले होते."

"पण सह्या तर सगळ्यांच्या आहेत."

"सह्या मी घेतल्या." मी स्टेपलर टेबलावर ठेवला. "आणि दुसरी गोष्ट. सखी स्वतःसाठी काम मागायला आली होती. जागा रिकामी होती. ती मंगळ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे. तरी स्कॅनला बायका घेत नाही, असे सांगून मी तिला गेटवरून परत पाठवले. तिसऱ्या कलमाच्या विरुद्ध या गोदामात सर्वांत आधी कोणी वागले असेल, तर तो मी."

अनय सर खोकले. मॅडम त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "स्कॅनला बायका का घेत नाही आपण?"

"मॅडम, वजन असतं. एकेका पेटीत वीस खोके, बावीस बावीस किलो."

"ट्रॉली हाय की," सखी म्हणाली. "हा बी ट्रॉलीनंच नेतो."

"मी कशाला उचलू?" मंगळ्या म्हणाला. "कंबर मोडायची हाय का?"

किशन भिंतीकडे तोंड करून हसला. मॅडमनाही हसू आले असावे, कारण त्या लगबगीने फोन घेऊन बाहेर गेल्या. काचेतून त्या दिसत होत्या. कंटेनरच्या सावलीत येरझारा घालत त्या कोणाला तरी समजावत होत्या. मध्येच थांबत, बोटांवर काही मोजत, पुन्हा चालत. सखीने मुलीला मांडीवर घेतले आणि मंगळ्याने डब्याकडे एकदाच पाहून नजर वळवली.

मॅडम परत आल्या. "मंगळ्या, तुमचं कार्ड आजपासून रद्द."

सखी उठून उभी राहिली.

"थांबा, माझं व्हायचंय. ती जागा आता रिकामी आहे. गुरुवारी ती सगळ्यांसाठी खुली होईल. बाई असो, पुरुष असो, ज्याला यायचं त्यानं यावं. परीक्षा होईल, मी स्वतः घेईन. पहिला येईल त्याला जागा, त्याच्या स्वतःच्या नावावर, फोटोसकट. तुम्ही दोघंही बसू शकता. पण यापुढे नाव एकाचं आणि माणसं दोन, हे चालणार नाही. इथे जोडी नाही. समजलं?"

"समजलं," सखी म्हणाली. "म्हंजी हितं येकेकटं मोजतात."

"अगदी बरोबर. आणि श्रीनाथ, आधी बहात्तरच्या बहात्तर पानं वाचा. उदाहरणं मला दाखवून मगच द्यायची."

डब्याचे काय करायचे, हे नियमपुस्तिकेत नव्हते. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि तो सखीच्या हाती दिला. प्रशस्तिपत्रावर मंगळ्याचे नाव छापलेले होते, ते मंगळ्याला दिले. अशा रीतीने सत्कार पार पडला.

मला मुख्य कार्यालयाकडून ताकीदपत्र आले. माझ्या नावे आलेले ते कंपनीचे पहिलेच पत्र होते. भाषा कठोर असली तरी शुद्ध होती.

बुधवारी मी सकाळपासून दुपारपर्यंत वाचन केले. पाणी प्यायला दोनदा थांबलो. गुरुवारी परीक्षेला नऊ जण आले, त्यांत चार स्त्रिया. पन्नास खोके मांडले होते आणि मॅडमनी त्यांपैकी पाच खोक्यांत मुद्दाम चुका करून ठेवल्या होत्या. प्रत्येकाने वीस मिनिटांत त्या शोधायच्या. मंगळ्याने आपल्या पाळीला दोन शोधल्या आणि समाधानाने बाहेर आला. कोणी तीन शोधल्या, एकाने चार. सखी शेवटी गेली. तिच्या ओठांची हालचाल दुरूनही दिसत होती. प्रत्येक आकडा ती स्वतःशी पुटपुटत होती. बारा मिनिटांत ती परत आली.

"सहा," ती म्हणाली.

मॅडमचा चेहरा उतरला. "सहा नाहीत, पाच आहेत. नीट बघितलंत का?"

"सहा हाईत."

मला वाटले, संपले. अनय सरांनी सुस्कारा टाकला. तो सुटकेचा होता की दुःखाचा, हे मला सांगता येणार नाही. सखी जागची हलली नाही. "या, दावते," एवढेच म्हणाली. मॅडम तिच्यामागे गेल्या. सखीने तळाच्या रांगेतील एका खोक्यावर हात ठेवला. बाहेर सातचा क्रमांक होता. मॅडमनी खोका उघडला, तर आत दोन्ही पादत्राणे आठ क्रमांकाची. ही चूक कोणी परीक्षेसाठी केलेली नव्हती; ती कारखान्यातूनच आलेली होती.

"पण हे बाहेरून कसं कळलं तुम्हाला?"

"खोका हालवला. सातचा बूट मधी हालतो, आवाज येतो. ह्यो गच बसलाय."

मॅडमनी तिथेच तिचा फोटो काढला आणि नवे कार्ड माझ्याकडून लिहवून घेतले. मी ते माझ्या उत्तमोत्तम अक्षरात लिहिले. टोळीने शिट्ट्या वाजवल्या. मंगळ्या सर्वांत मोठ्याने ओरडत होता, आणि ओरडता ओरडता मध्येच थांबला. आपण आता बेकार आहोत, हे त्याच्या ध्यानी आले असावे.

थोडा वेळ तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला. नंतर सरळ मॅडमपाशी गेला. "मॅडम, लेबलच्या बाकावरची भावनाताई उद्यापासून बाळंतपणाला चाललीय. तिथं जागा हाय. तिथं पुरुष घेतात का?"

बाकावरच्या साती जणींच्या माना एकाच वेळी वर झाल्या.

"लेबलला पुरुष? तशी पद्धत—" अनय सर म्हणाले आणि तेथेच थांबले. त्यांनी मॅडमकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग टेबलावरील निळ्या पुस्तकाकडे. "घेतो," ते म्हणाले. "लेबल सरळ लावत असेल तर घेतो."

परीक्षा बायजाबाईंनी घेतली. लेबल तिरके गेले तर यंत्र ते वाचत नाही, म्हणून तेथे हात स्थिर लागतो. मंगळ्या लहानपणापासून बांबूच्या बारीक काड्यांचे मासे पकडण्याचे सापळे विणतो. त्याची बोटे जाड दिसली तरी चुकत नाहीत. त्याने लावलेली वीस लेबले बायजाबाईंनी चष्मा वर करून, चष्मा खाली करून आणि शेवटी चष्मा काढून पाहिली.

"सरळ आहेत," त्या म्हणाल्या. "पोरींनो, सरका. दादल्याला जागा द्या."

सखीची पहिली शिफ्ट आणि मंगळ्याची दुसरी, असे अनय सरांनी आपण होऊन लावून दिले. दुपारी दोन वाजता मंगळ्या मुलीला खांद्यावर घेऊन येतो, सखी गेटवर ती उतरवून घेते आणि दोघांची कार्डे विठू आता फोटोसकट तपासतो, कधीकधी दोनदा.

मंगळ्याच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम नोंदवही घेऊन लेबलच्या बाकाजवळ गेलो. त्या बाकावर हात चालतात तितक्याच वेगाने तोंडेही चालतात, ही तेथील रीत आहे. मंगळ्या मात्र मान खाली घालून एकामागून एक लेबल लावत होता. तासभर त्याने शब्द काढला नाही.

"अरे बाबा," बायजाबाई शेवटी म्हणाल्या, "इथं मुकं बसून चालत नाही. काम खरं वाटत नाही आम्हाला. काहीतरी बोल. सासूबद्दल बोल."

मंगळ्याने हातातले लेबल लावून पूर्ण केले. बराच विचार केला.

"सासू चांगली हाय," तो म्हणाला.

सगळा बाक हसून हसून वाकला. एकीच्या हातचे लेबल तिरके गेले.

"राहू द्या गं, नवीन आहे," बायजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "शिकेल."